जिल्कादचा चांद

माझी नोकरी एका ढगानं घालवली असं मी सांगते तेव्हा लोक हसतात. हसू देत. पण ढगाला काय बोल लावायचा? तो आला तसा गेला. नोकरी घालवली आमच्या घरमालकांनी. आणि तीही भांडून नाही, कुणाचे कान भरून नाही. वही उघडी ठेवून आणि पेन बंद करून.

कोल्हारला त्यांचं घर. पुढच्या बाजूला ते आणि चाची, मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू आणि वर गच्ची. मी केडगावची, लग्न होऊन आले तेव्हा बावीस वर्षांची. नवरा तिथल्या शाळेत शिपाई होता. आल्या आल्या पहिल्याच महिन्यात मी एक ओली गोधडी गच्चीवर वाळत घातली आणि खाली येऊन भाकऱ्या थापायला बसले. अर्ध्या तासानं बघते तर गोधडी घडी घालून माझ्या उंबऱ्यावर. ओलीचिंब. वर एक चिठ्ठी, "आज २९. पश्चिमेची दोरी मोकळी ठेवणे."

"माणूस आहे की कॅलेंडर?" मी नवऱ्याला विचारलं.

"दोन्ही," तो म्हणाला. "गोधडी पूर्वेच्या दोरीवर टाक आणि गप बस."

तर असे आमचे घरमालक. सारं गाव त्यांना चाचा म्हणायचं. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी कालव्यावर झालेली. कालव्यात आकड्यांची पट्टी उभी असते. सकाळ-संध्याकाळ जायचं, पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि लिहायचं, एवढंच काम. एकदा म्हणे कुठल्याशा साहेबानं सांगितलं, खालच्या गावांची बोंब आहे, दोन बोटं वाढवून लिहा. यांनी लिहिलं नाही. साहेबानं पार आडबाजूला बदली केली. हे सायकल घेऊन तिकडे गेले आणि तिथलीही पट्टी वाचू लागले. ही गोष्ट ते इतक्या वेळा आणि इतक्या चवीनं सांगायचे, की मला वाटायचं, बदली झाली तेव्हा यांनी पेढेच वाटले असतील.

"पानी किती सोडलं ते सायबानं सांगावं," असं म्हणायचे. "पानी किती आलं ते पट्टी सांगती. आमी पट्टीचे नोकर."

निवृत्त झाल्यावर पट्टी सुटली आणि चांद लागला. आमच्यात महिना एकोणतिसाचा का तिसाचा ते चांदावर ठरतं. एकोणतिसाव्या संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवसापासून नवा महिना, नाही दिसला तर तीस पुरे करायचे. लोक रमझानचा बघतात, ईदचा बघतात, फार तर बकरीदचा. चाचा बाराच्या बारा बघायचे. त्यासाठी एक लांबडी सरकारी छापाची वही होती. त्यात रकाने आखलेले. महिना, सूर्य किती वाजता बुडाला, चांद किती वाजता बुडणार, आकाश कसं होतं, आणि शेवटचा रकाना, दिसला किंवा दिसला नाही. सगळं मराठीत, सरकारी अक्षरात. गच्चीच्या पश्चिमेच्या कठड्यावर पेन्सिलीनं रेघा मारलेल्या, कुठल्या महिन्यात सूर्य कुठं बुडतो त्याच्या. रंगाऱ्यानं एकदा त्यावर चुना फासला तर दोन दिवस जेवले नाहीत.

दरवर्षी पंचांग विकत आणायचे. अमावस्या किती वाजता संपली ते बघायचं, मग चष्मा कपाळावर सरकवून गुणाकार-भागाकार. देवळातल्या गुरुजींशी त्यांचं ह्याच एका विषयावर बोलणं व्हायचं. दोघं रस्त्यात भेटले की लोकांना वाटायचं, काहीतरी गुप्त शिजतंय.

गावात ह्यावरून दोन तट होते. कॉलेजातली पोरं म्हणायची, मोबाईलवर सगळं कळतं, गच्चीवर चढून मान कशाला मोडायची? म्हातारी माणसं म्हणायची, हिशेब-बिशेब काही नाही, दोन माणसांनी शपथेवर 'पाहिला' म्हटलं की पाहिला. चाचा दोघांशीही भांडायचे. पोरांना म्हणायचे, "मोबाईल सांगतो चांद कुठं हाय. दिसला का, ते इचार त्याला." आणि म्हाताऱ्यांना, "सूर्याच्या आदी बुडालेला चांद तुमाला दिसतोच कसा, ते तरी सांगा!" त्यांचा कायदा एकच होता. हिशेब फक्त 'न्हाई' म्हणू शकतो, 'व्हय' म्हणायला डोळाच लागतो. एवढं साधं सांगणं, पण दोन्ही तटांना ते कडू लागायचं. पोरांनी त्यांचं नाव तीसमारखाँ ठेवलं होतं. तरी ज्या महिन्यांचा चांद कुणी बघत नाही, त्या महिन्यांसाठी सगळे त्यांच्याच वहीवर चालायचे. मौलानासुद्धा.

मी त्या वहीची थट्टा करायचे. माझी सगळी जिंदगी तिच्यात अडकणार आहे हे मला काय ठाऊक?

रजब महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी माझा नवरा नगर-मनमाड रोडवर मोटारसायकलसकट ट्रकखाली गेला. आदल्या संध्याकाळीच चाचांनी रजबचा चांद बघून वहीत लिहिला होता. पदरात चार वर्षांची पोर. पुणतांब्याहून सासू-सासरे आले, धाकटा दीर आला, आणि मी इद्दतीत बसले. इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं घरात राहायचं, चार महिने दहा दिवस. इंग्रजी महिने नाहीत, चांदाचे. नवरा ऐन पहिल्या तारखेला गेलेला, म्हणून मौलाना म्हणाले, दिवस मोजू नका, चार चांद मोजा आणि वर दहा दिवस. ईदही मी त्याच खोलीत काढली. पोरीला मेंदी चाचीनं लावली.

ईदचा महिना शव्वाल अर्धा झाला आणि शाळेच्या संस्थेतून निरोप आला. मयताच्या जागी घरातल्या एकाला घेणार. अमुक तारखेला दुपारी बारा वाजता बैठक, उमेदवारानं स्वतः हजर राहायचं. अर्जावर नावं दोन होती. पहिलं माझं. दुसरं दिराचं, ते सासऱ्यांनी मला न विचारता घातलेलं.

मी बोटांवर मोजायला बसले. शव्वाल एकोणतिसाचा झाला तर माझी इद्दत बैठकीच्या आदल्या संध्याकाळी संपत होती. तिसाचा झाला तर बैठकीच्याच दिवशी, पण सूर्य बुडताना. बैठक बाराला, इद्दत सातला.

चाचांनी सासऱ्यांना आधीच सांगून पाहिलं. "पोटासाटी बाईला दिवसा भायेर पडता येतं, मौलानांना इचारा," म्हणाले. सासरे म्हणाले, "आमच्या घरात न्हाई चालत. लोक म्हनतील, नवऱ्याची माती वाळली न्हाई तवर नोकरीला निगाली." मग म्हणाले, "तुमच्या वहीत एकोणतीस आलं तर मी सोता घिऊन जातो तिला. माझा शब्द हाय."

मला हायसं वाटलं. कारण चाचांचा हिशेब मला माहीत होता. त्यांनी जिन्याखाली मला दबक्या आवाजात सांगितलं होतं, "ह्या बारीला एकोणतिसालाच दिसनार, बेटी. सूर्य बुडाल्यावर पाऊण तास वर ऱ्हातोय. आंधळ्याला बी दिसंल." मी त्या रात्री नवरा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले.

एकोणतिसाव्या संध्याकाळी मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. चाचा कठड्याला टेकून. दिवसभर ऊन होतं हो! पावसाळा असून कडकडीत ऊन. आणि सूर्य टेकायला आला तसा संगमनेरच्या अंगानं एक ढग आला. जाडजूड, काळा, म्हशीसारखा. आला आणि पश्चिमेला बसला तो उठेचना. चाचा पाऊण तास उभे होते. घड्याळ बघत होते, ढग बघत होते. पाऊण तास संपला तेव्हा खाली आले, वही उघडली आणि लिहिलं, "ढग. दिसला नाही."

"चाचा," मी म्हणाले, "पण होता ना वर?"

"हुता की. शंभर टक्के हुता."

"मग लिहा दिसला म्हणून. एवढा एक शब्द लिहा."

"हुता, पन दिसला न्हाई."

"तुमचा हिशेब खोटा आहे का?"

"हिशेब खरा हाय. पन वहीत हुता-नव्हताचा रकाना न्हाई, बेटी. दिसल्याचा हाय."

दहा दिवस होते माझ्याकडे. दहाही दिवस मी त्या माणसाच्या विनवण्या केल्या. शव्वालनंतरच्या जिल्कादचा चांद कोण बघतो? सगळ्या कोल्हारात त्या संध्याकाळी आकाशाकडे बघणारा हा एकच माणूस होता. नगरच्या चांद कमिटीकडून निरोप आला की सगळीकडे ढग, कुणाची साक्ष नाही, पण तुमच्या गावात कुणी पाहिला असेल तर तुमच्यापुरतं एकोणतीस धरा. मौलाना म्हणाले, चाचांची वही म्हणेल ते. म्हणजे सगळ्यांनी माझ्या पदरात टाकायला हात पुढं केलेले आणि हा गृहस्थ मध्ये आडवा. दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं आणि चांद वर आला तो चांगला जाडजूड, उंच. मी पोरीला कडेवर घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. "बघा, हा काय एका दिवसाचा वाटतोय तुम्हाला?"

"जाडीवरनं तारीख ठरत न्हाई," ते खाली मान घालून म्हणाले.

"तुमच्या वहीला पोरगी नाही ना, म्हणून!" मी ओरडले. त्यांना मूलबाळ नव्हतं. ते मला बोलायला नको होतं, पण बोलले, आणि आजही मागं घेत नाही.

चाचीनं माझ्या बाजूनं लढाई केली. चार दिवस त्यांच्या ताटात मीठ घातलं नाही. ते निमूट जेवले. पाचव्या दिवशी चाचीच रडली आणि मीठ घातलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी दीर तयार झाला. अंगात माझ्या नवऱ्याचा निळा शर्ट. त्याचं वरचं बटण मीच लावलेलं होतं. सासरे मोटारसायकलवर त्याच्या मागं बसले आणि जाताना मला म्हणाले, "तुझ्यासाटी थांबलो असतो, पन वहीत न्हाई." मला त्या वेळी कळलं की सासऱ्यांना चाचांची वही माझ्यापेक्षा चांगली वाचता येत होती. शब्द दिला तो उगाच नव्हता दिला, पावसाळ्याचं आभाळ बघून दिला होता.

दुपारी नोकरी झाली दिराची. आणि संध्याकाळी सूर्य बुडाला तसे चाचा गच्चीवरून ओरडले, "बेटी! सूर्य बुडाला. झाली तुजी इद्दत!" मला आनंदाची बातमी देत होते! मी दार इतक्या जोरात लावलं की कडी निखळली. ती कडीही दुसऱ्या दिवशी त्यांनीच बसवून दिली.

तुम्ही म्हणाल, खोली सोडून गेली का नाहीस? कुठं जाणार? सासू-सासरे पुणतांब्याला निघून गेले ते परत फिरकले नाहीत. केडगावला भावाच्या दोन खोल्यांत सहा माणसं. मी तिथंच राहिले. चाचांनी पुढचा ओटा मोकळा करून दिला, "मशीन इथं मांड, उजेड हाय." मी ब्लाउज, फॉल-पिको करू लागले. दिरानं गावातच वेगळी खोली केली, त्याचं लग्न झालं, त्याच्या बायकोचे ब्लाउजसुद्धा मीच शिवते. माप सैल ठेवा म्हणते. सुखानं सुटतेय बिचारी.

वर्षं गेली. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. शस्त्रक्रियेला तयार होईनात. मग दर एकोणतिसाला हाक यायची, "बेटी, तुजे डोळे दे जरा." मी शिव्या देत वर जायचे, पण जायचे. ते बोट दाखवायचे, कठड्यावरच्या रेघेपासून दोन बोटं डावीकडं, तीन बोटं वर. आणि तिथंच असायचा! केसाएवढा. मी "दिसला" म्हटलं की ते लिहायचे.

"मी खोटं सांगितलं तर?" एकदा विचारलं.

"तू न्हाई सांगनार."

इतक्या खात्रीनं म्हणाले की मला रागच आला. पण खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. माझी नोकरी गेली ती एका नियमापुढं गेली, असं मी तोवर स्वतःला समजावलं होतं. म्हटलं, माणूस दगड आहे, पण दगड सगळ्यांना सारखाच लागतो. ह्या एका गोष्टीवर मी ती सगळी वर्षं त्या घरात त्यांच्या बायकोच्या हातचा चहा पीत राहिले.

मग चाचीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा नगरला डायलिसिसला न्यायचं. एसटीत तिला बसवेना. मशीद कमिटीचे अध्यक्ष, फळांचे मोठे व्यापारी, त्यांनी आपली जीप दिली, ड्रायव्हरसकट. एक दिवस खाडा नाही केला. ते मी नाकारत नाही.

त्या वर्षी रमझानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आम्ही दोघं वर होतो. उन्हाळा, आकाश धुऊन काढलेल्या ताटासारखं. चाचा सकाळीच म्हणाले होते, "आज प्रश्नच न्हाई. सूर्याच्या आदीच बुडतोय. उद्या तिसावा रोजा." तरी वर आले. मी दोन्ही डोळे फाडून बघितलं. काही नव्हतं. खाली येऊन खजूर तोंडात टाकला आणि मशीनवर बसले. ईदचे कपडे अजून पडले होते, एक दिवस जास्त मिळाला म्हणून मी खुशीत होते.

तेवढ्यात ओट्यावर अध्यक्ष आले. बरोबर दोन तरुण, हातात कागद. तरुणांनी म्हणे नदीकाठाहून चांद पाहिला. आता ईदच्या चांदालाही कमिटीत चाचांची सही लागायची, त्यांच्या सहीशिवाय गाव मानत नसे.

चाचांनी पोरांना विचारलं, "टोकं कुटं हुती चांदाची?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हणाला, "खाली." दुसरा म्हणाला, "व्हय, खालीच."

अहो, माझ्यासारखीला कळतं! सूर्य खाली बुडालेला, चांदाचं पोट त्याच्याकडं आणि टोकं वर. खाली टोकं असलेला चांद पताकांवर छापत असतील. मी मशीन थांबवली. मला वाटलं, आता चाचा ह्या दोघांना ओट्यावरून हाकलणार.

अध्यक्ष हसून म्हणाले, "चाचा, उद्या पुढारी येनारेत ईद मिलनला. मांडव पडलाय, दूध सांगितलंय. त्यांना परवा टाईम न्हाई." मग चपला घालता घालता म्हणाले, "आन परवा चाचींची गाडी हाय ना? ड्रायव्हरला मी आठवण करून ठेवतो."

एवढंच. धमकी नाही, आवाज चढवला नाही. आत चाची खोकत होती. चाचांनी कागद घेतला, माझ्या मशीनच्या फळीवर ठेवला आणि सही केली. तीच सरकारी सही.

ते गेल्यावर मी म्हणाले, "चाचा, आपण दोघं होतो वर."

"मशीन चालव, बेटी," ते म्हणाले.

दहा मिनिटांत मशिदीच्या भोंग्यावरून ईद मुबारक झालं. फटाके वाजले. मी रात्री कपडे पुरे केले आणि पहाटे उठून सेहरी केली. एकटीनं. ईदच्या दिवशी रोजा धरणं हराम आहे हे मला काय ठाऊक नव्हतं? धरला. सकाळी चाचा पांढरे कपडे घालून नमाजला निघाले तेव्हा मी त्यांना दारात गाठलं.

"माझा आज तिसावा रोजा आहे. गुनाह असेल तर तो माझ्या नावावर लिहू नका. तुमच्या नावावर लिहा."

ते तसेच नमाजला गेले. चाचीनं शीरखुर्म्याची वाटी पाठवली ती मी झाकून ठेवली. मांडवात भाषणं चालली होती, भाईचाऱ्यावर. संध्याकाळी मी ती वाटी घेऊन गच्चीवर गेले. सूर्य बुडाला, आणि कठड्यावरच्या रेघेच्या जरा वर खराखुरा पहिला चांद, टोकं वर करून. गार झालेल्या शीरखुर्म्यानं मी रोजा सोडला. चाचा जिन्याच्या तोंडाशी येऊन उभे होते, मी इद्दतीत जिथं उभी राहायचे तिथंच.

"दिसला?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणाले. "तुमची ईद तर झाली."

चाचीसाठी केलं हे मला कळत होतं. न कळायला मी काय लहान होते? आपलं माणूस मरत असताना कोण कुणाचा नियम बघतो! मीही नसता बघितला. पण मग मीही कुणाचं तरी माणूस होतेच की. माझीही पोर होती. माझ्यासाठी खरा असलेला चांद ह्यांना लिहवला नाही आणि त्यांच्यासाठी नसलेला चांद लिहून मोकळे झाले. माझी नोकरी नियमानं गेली ही माझी समजूत त्या सहीबरोबर संपली. नियम होता, पण तो माझ्यापुरताच कडक होता.

जीप येत राहिली आणि चाची तरीही पुढच्या रमझानआधी गेली. त्यानंतर चाचा गच्चीवर चढले नाहीत. मी मुद्दाम एकोणतिसालाच पश्चिमेच्या दोरीवर कपडे घालायला लागले. चादरी, गोधड्या, सगळं. ते अंगणातून वर बघायचे आणि आत जायचे. चिठ्ठी लिहिली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढं ते अंथरुणाला खिळले. करणारं कोण? मीच. पेज पाजायची, कूस बदलायची. आमच्यात जाणारा माणूस सगळ्यांकडून बोललं-चाललं माफ करून घेतो. लोक येऊन जात होते, 'माफ केलं चाचा, माफ केलं,' असं दारातूनच म्हणत होते. अध्यक्षही येऊन म्हणून गेले. सगळे गेल्यावर त्यांनी उशाखालून वही काढून माझ्या हातात दिली.

मी चाळली. माझ्या जिल्कादचं पान होतं, "ढग. दिसला नाही." पुढं त्या ईदचं पान. रकाने आखलेले, महिन्याचं नाव लिहिलेलं, सूर्य बुडण्याची वेळ लिहिलेली. बाकी कोरं.

"हे का भरलं नाही?"

"हात झाला न्हाई," ते म्हणाले. "कागदावर केली सही. वहीत न्हाई करता आली." मग बराच वेळ धापा टाकून म्हणाले, "बेटी, माफ केलं म्हन. येवडा एक शब्द."

माझाच शब्द होता तो. ओट्यावर, जिन्याखाली, दहा दिवस मी तो ह्यांच्यापुढं पसरला होता. आणि खरं सांगते, म्हणून टाकायला माझं काही जात नव्हतं. दारातून म्हणून गेलेल्यांचं काय गेलं? मी माझ्या आत बघितलं, खूप बघितलं. माफी होती की नव्हती कुणाला माहीत. असेलही कुठं मागं. मला दिसली नाही.

"चाचा," मी म्हणाले, "मला दिसत नाहीये. न दिसलेलं कसं म्हणू?"

त्यांनी डोळे मिटले. रागावले नाहीत. पडल्या पडल्या मान हलवली, माझ्या पोरीचं गणित तपासून बरोबर आलं की हलवायचे तशी.

"बराबर हाय," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी गेले. मय्यतीला सारं गाव होतं, अध्यक्ष पुढं खांदा द्यायला. मी चुलीपुढं बसून मोठ्यानं रडले. नवरा गेला तेव्हा सासरच्या माणसांतही मी एवढी रडले नव्हते.

चाळिसावा झाल्यावर मी वही काढली. ते कोरं पान भरलं. आकाश स्वच्छ, दोघांनी पाहिलं, चांद दिसला नाही. खाली सही केली, माझी. मग मागं उलटत माझ्या जिल्कादच्या पानावर आले. पेन हातात होतं, विचारणारं कुणी उरलं नव्हतं. खोडून 'दिसला' लिहिलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? मग पेन बंद केलं. त्या पानावर त्या माणसानं लिहिलंय ते खरं आहे, आणि म्हणूनच माझा राग जात नाही.